मोटारखान्यातील अडगळ

इंग्रजी 'गॅरेज' या शब्दाला मराठी प्रतिशब्द योजताना अनुवादकाची थोडी अडचण होते. 'गाडी गॅरेजमध्ये दिली आहे' असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा ती मिस्त्रीकडे दुरुस्तीला दिलेली असते. घरातील जी जागा मोटार ठेवण्यासाठी राखलेली असते, तिला तो शेड, पार्किंग किंवा नुसते 'खाली' म्हणून मोकळा होतो. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ आसऱ्याला नेऊन ठेवणे असा आहे आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारीपाठोपाठ हा शब्द इंग्रजीत आला. बग्गीखाना, गाडीखाना यांच्या चालीवर मराठीत 'मोटारखाना' असा शब्द होतो. प्रस्तुत प्रकरणात तोच योजला आहे. 'अडगळ' या शब्दाबाबत मात्र मराठी अधिक संपन्न आहे. त्या शब्दात 'अडणे' ऐकू येते. वस्तू निरुपयोगी आहे की नाही हा प्रश्न त्यात दुय्यम ठरतो. तिच्यामुळे दुसरे काही तरी अडून राहिले आहे, हे मुख्य. मोटारखान्याचा विचार करताना हा भेद फार उपयोगी पडतो.

उदाहरणादाखल बंगळूर शहरातील राजाजीनगर घेऊ. या औद्योगिक उपनगराची पायाभरणी १९४९ साली, त्या वेळचे गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते झाली आणि त्यांचेच नाव त्याला मिळाले. कारखाने आणि कामगारांची घरे एकमेकांच्या जवळ असावीत, अशी औद्योगिक उपनगरामागची कल्पना असते. मराठी वाचकाला आपला वाटेल असा एक दुवाही येथे आहे. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून उद्योगाला आरंभ करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पुत्र रवी किर्लोस्कर यांनी १९४६ साली बंगळुरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी काढली. तिचा कारखाना राजाजीनगर आणि मल्लेश्वरम यांच्या सीमेवर होता. आज त्या जागी उंच निवासी इमारती आणि एक विस्तीर्ण मॉल उभा आहे. कारखाना गेला, पण यंत्रांवर आयुष्य घालवलेल्या पिढीची हत्यारे आसपासच्या घरांत राहिली. राजाजीनगरच्या मोटारखान्यात शेगडा, कानशी, पान्यांचा संच, व्हर्नियर कॅलिपर या वस्तू सापडल्या तर आश्चर्य वाटावयास नको.

मोटारखाना या घरांना मागाहून मिळाला, हेही ध्यानात घेतले पाहिजे. ३० फूट रुंद आणि ४० फूट खोल हा बंगळुरातील भूखंडाचा परिचित आकार. अशा भूखंडावर पूर्वी एक बैठे घर, पुढे थोडे अंगण, अंगणात नारळाचे किंवा शेवग्याचे झाड आणि भिंतीला टेकवलेली सायकल असे. पुढे घरावर मजले चढले आणि अंगणावर छत आले. छताखालची ही जागा मोटारीची म्हणून नकाशात दाखवली गेली, परंतु तीन बाजूंनी भिंती आणि वर छत मिळालेली जागा मोटारीची वाट पाहत रिकामी राहत नाही. प्रथम सिमेंटची उरलेली दोन पोती आली. मग रंगाचे डबे, तुटलेली खुर्ची, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी, मुलाचा पाळणा. शेवटी मोटार आली तेव्हा तिला रस्त्यावर उभे राहावे लागले.

येथे हा खासगी विषय सार्वजनिक होतो. घरातील माळ्यावर काय ठेवावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मोटारखान्याचे तसे नाही. तेथे ठेवलेल्या प्रत्येक मोठ्या वस्तूचे भाडे रस्ता भरतो. बंगळुरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या आता १ कोटीच्या पुढे गेली आहे. चाळीस फुटी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या राहिल्या की रुग्णवाहिकेला आणि अग्निशामक बंबाला उरते ती जेमतेम एक वाट; पादचाऱ्याला तीही उरत नाही. जपानने यासाठी १९६२ साली कायदा केला. मोटार घेणाऱ्याने ती ठेवण्यासाठी आपल्याकडे जागा असल्याचा दाखला पोलिसांकडून घ्यावयाचा, आणि ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावयास हवी. मोटारींच्या देशात, म्हणजे अमेरिकेत, तर निराळेच दृश्य दिसते. लॉस एंजलिस येथील ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरांचा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी बारकाईने अभ्यास केला व २०१२ साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्या घरांच्या मोटारखान्यांपैकी तीन-चतुर्थांश मोटारखान्यांत मोटारच नव्हती. खोकी आणि नको झालेले फर्निचर होते. जागा अपुरी आहे ही तक्रार, म्हणजे, जागा वाढवून मिटणारी नव्हे.

मग हा साठा होतो कशाने? आळस हे उत्तर सोपे आहे, पण पुरेसे नाही. माझ्या मते मोटारखान्यात साचतात त्या वस्तू नसून रखडलेले निर्णय असतात. बंद पडलेला मिक्सर दुरुस्त करावयाचा की नाही, हे ठरलेले नसते. मुलीच्या सायकलीला तिचा मुलगा बसेल की नाही, हे ठाऊक नसते. घरात ठेवण्याइतकी वस्तू हवीशी नाही आणि टाकण्याइतकी नकोशी नाही, अशा वेळी तिला मधला मुक्काम लागतो, आणि मोटारखाना हा घर आणि रस्ता यांच्या मधलाच मुक्काम आहे. म्हणून आवराआवर म्हणजे झाडलोट अशी समजूत करून घेऊन जो कामाला लागतो, तो वस्तू एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे नेतो व संध्याकाळी थकून बसतो. निर्णय जेथल्या तेथे राहतात.

निर्णयांना आरंभ कोठून करावा? बहुतेक लोक सर्वांत मोठ्या वस्तूपासून करतात. तसे न करता सर्वांत धोकादायक वस्तूपासून करावा. मोटारखान्यातील धोका सहसा लहान डब्यांत आणि कोपऱ्यांत असतो. बाटलीत राखून ठेवलेले पेट्रोल हा त्यातील पहिला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते आणि दूरवरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. याउलट बॅटरी चार्ज होताना निघणारा हायड्रोजन वायू हलका असतो. तो छताखाली साचतो. म्हणजे जेथे वरून आणि खालून दोन्हीकडून हवा खेळत नाही, अशा बंद मोटारखान्यात या दोन वस्तू शेजारी ठेवणे हे साहसच म्हणावे लागेल. आता पुष्कळ घरांत विजेवर चालणारी स्कूटर रात्रभर चार्जिंगला लावलेली असते. तिच्याभोवती पुठ्ठ्याची खोकी आणि चिंध्या नसाव्यात, एवढी खबरदारी तरी पाळावीच.

चिंध्यांविषयी एक गोष्ट फारशी ठाऊक नसते. लाकडाला लावण्यासाठी जवसाचे उकळलेले तेल वापरतात. हे तेल वाळते म्हणजे उडून जात नाही. हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग होतो आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. फळीवर लावलेल्या तेलाची उष्णता हवेत निघून जाते. परंतु तेच तेल पुसलेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकले, तर उष्णता आतल्या आत कोंडते, वाढत जाते आणि फडके काडी न लावताही पेट घेऊ शकते. असे फडके मोकळ्या हवेत उलगडून वाळवावे किंवा पाण्यात भिजवून ठेवावे.

रंगाच्या जुन्या डब्यांचा प्रश्न निराळा आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या डब्यात काय आहे, याची खात्री देता येत नाही. असा रंग पाळण्याला किंवा मुलांच्या टेबलाला 'उरला आहे तर लावून टाकू' म्हणून लावू नये. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक असते. शिशाचाच दुसरा साठा जुन्या बॅटरीत असतो. ती भंगारवाल्याला चार पैसे अधिक मिळतात म्हणून देण्याचा मोह होतो. परंतु अशी बॅटरी कोठे तरी आडबाजूला फोडली जाते, तिच्यातील आम्ल गटारात जाते आणि शिसे उघड्या भट्टीत वितळवले जाते. त्या धुरात कोणाची तरी मुले खेळत असतात. वापरलेल्या बॅटऱ्या विक्रेत्यांनी परत घ्याव्यात, असे बंधन २००१ च्या नियमांनी घातले आणि २०२२ च्या नव्या नियमांतही ही जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानात देऊन बिलात तेवढी वजावट घ्यावी, हा सरळ मार्ग आहे.

आणि टायर. 'कधी तरी लागेल' म्हणून ठेवलेला टायर सहसा लागत नाही. त्यात पाणी मात्र साचते. डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या ओलसर भिंतीवर अंडी घालते. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागताच त्यांतून अळ्या बाहेर येतात. म्हणून टायरमधील पाणी ओतून तो पुन्हा तेथेच ठेवल्याने काम होत नाही.

धोक्याच्या वस्तू निघाल्या की उरलेल्यांकडे शांतपणे पाहता येते. येथे कारखान्यांतील एका पद्धतीची ओळख करून घेणे उचित होईल. जपानी कारखान्यांत सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु आणि शित्सुके अशी पाच शब्दांची शिस्त रूढ आहे: निवड, मांडणी, स्वच्छता, ही स्थिती टिकवण्याचे नियम आणि अंगवळण. बंगळूरच्या कारखानदारीला ती परकी नाही. १९९७ साली टोयोटा आणि किर्लोस्कर यांची संयुक्त कंपनी शहराजवळच बिडदी येथे स्थापन झाली. पाचांपैकी पहिला शब्द घराच्या कामी सर्वाधिक येतो. निवड करताना ज्या वस्तूविषयी शंका असेल, तिला लाल चिठ्ठी बांधावयाची, चिठ्ठीवर तारीख घालावयाची आणि वस्तू एका ठरावीक जागी ठेवावयाची. ठरलेल्या मुदतीत कोणी ती मागितली नाही, तर निर्णय आपोआप झाला. या युक्तीचे मर्म असे की ती 'टाका' असे म्हणत नाही. ती निर्णयाला मुदत घालून देते. घरासाठी एका वर्षाची मुदत पुरेशी आहे.

एक पथ्य मात्र पाळावे. चिठ्ठी ज्याची वस्तू त्यानेच बांधावी. सासूबाईंचा पाटा-वरवंटा सुनेने आणि सुनेची शिलाईची पेटी नवऱ्याने परस्पर निकालात काढली, की मोटारखाना मोकळा होतो आणि घर कोंदट होते. कारखान्यातील वस्तू कंपनीच्या असतात, घरातील वस्तू कोणाच्या तरी असतात; जपानी पद्धत जशीच्या तशी घरात न चालण्याचे कारण हेच.

ही गोष्ट वडिलांच्या हत्यारपेटीपाशी सर्वांत अधिक जाणवते. तीस वर्षे टर्नर म्हणून काम केलेल्या माणसाच्या पेटीतील कानस ही नुसती कानस नसते. मूठ त्याच्या हाताप्रमाणे झिजलेली असते. अशी पेटी उघडून मुलगा बसतो तेव्हा निवडीचे सगळे नियम गळून पडतात, आणि तसे होणे अस्वाभाविक नव्हे. परंतु गंज हाही एक निर्णयच आहे. तो आपण घेतला नाही, एवढेच. ज्या हत्यारांचा घरात उपयोग होतो ती तेलाचा हात फिरवून, सहज हाताशी येतील अशी लावावीत. एक-दोन आठवण म्हणून ठेवावीत, तीही घरात, मोटारखान्यात नव्हे. उरलेली एखाद्या शिकाऊ कारागिराला द्यावीत. चांगल्या पोलादाची जुनी हत्यारे आजही वर्षानुवर्षे काम देतात; नव्याने धंद्यात पडलेल्या मुलाला ती विकत घेणे परवडत नाही.

कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या जुन्या मोटारसायकलीबाबतही घाई करू नये. म्हैसूर येथील आयडियल जावा कारखान्यात तयार झालेली येझदी असेल, तर तो कारखाना १९९६ साली बंद पडला आहे आणि त्या गाड्यांचे शौकीन आजही सुटे भाग शोधत हिंडत असतात. भंगाराच्या वजनाने ती देणे म्हणजे शुद्ध तोटा. गाडी खरोखरच मोडीत काढावयाची असेल, तर तिच्या कागदपत्रांचा निकाल आधी लावावा. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये वाहन नष्ट झाल्यास वा कायमचे निकामी झाल्यास चौदा दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयास कळवणे मालकावर बंधनकारक आहे. नोंदणी रद्द न करता गाडी विकली, तर कागदोपत्री ती आपल्याच मोटारखान्यात उभी राहते आणि तिच्या हातून काही घडले तर पोलीस आपल्या दारी येतात.

राहिलेले भंगार जाते कोठे, हेही जाणून घ्यावे. कन्नडमध्ये भंगाराला 'गुजरी' म्हणतात. कोल्हापूरकराला हे ऐकून गंमत वाटेल, कारण त्याच्या गावची गुजरी म्हणजे सोन्याचांदीची पेठ. बंगळूरच्या गुजरीतही धातूच तोलले जातात. जॉली मोहल्ल्यात जुन्या वस्तूंचा आणि नायंडहळ्ळीत प्लास्टिकचा मोठा व्यापार चालतो. २०१२ साली मावळ्ळीपुरा येथील कचराभूमी बंद पडून शहराच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग लागले. त्यानंतर त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून त्या वेळच्या महानगरपालिकेने घरच्या घरी कचरा वेगळा करणे सक्तीचे केले. २०२५ मध्ये त्या महानगरपालिकेच्या जागी पाच नगरपालिका आल्या, पण वेगळे करण्याचे काम घराकडेच राहिले आहे. जे आपण वेगळे करत नाही, ते कचरा वेचणाऱ्या बाईला हाताने वेगळे करावे लागते. म्हणून फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर तसे लिहावे. पारा असलेल्या ट्यूबलाइट न फोडता, अखंड द्याव्यात. जुना दूरदर्शन संच, संगणक, तारा यांची मोट इतर भंगारात न बांधता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेकडे पाठवावी. हसिरु दळ ही बंगळुरातील संस्था कचरावेचकांना संघटित करून हेच काम प्रतिष्ठेने करते. कन्नड 'हसिरु' म्हणजे हिरवा.

मांडणीसंबंधी फारसे सांगावे लागत नाही. निवड नीट झाली की मांडणीचे निम्मे काम होते. आधी मोटार आत आणून उभी करावी, तिची सर्व दारे उघडावीत आणि खडूने जमिनीवर रेघ ओढावी. रेघेच्या आत काहीही ठेवावयाचे नाही. मारुती ८०० ची रुंदी दीड मीटरहून कमी होती; आजच्या कित्येक मोटारी पावणेदोन मीटरच्या घरात जातात, त्यामुळे वडिलांच्या वेळची मोकळी जागा मुलाला अपुरी पडते. जमीन मोटारीची आणि भिंती वस्तूंच्या, असा हिशेब ठेवावा. लोखंडी अँगलचे रॅक भिंतीला पक्के ठोकून घ्यावेत. जड वस्तू तळाशी, रोजच्या छातीच्या उंचीवर आणि वर्षातून एकदा लागणाऱ्या वर. शिडी आडवी टांगावी. पुठ्ठ्याची खोकी म्हणजे वाळवीला आमंत्रण. त्याऐवजी पत्र्याचे डबे घ्यावेत, आणि लाकडी सामान जमिनीपासून व भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे, म्हणजे वाळवीची मातीची नळी चढताना दिसते. स्क्रू आणि खिळ्यांसाठी काचेच्या बरण्यांइतकी चांगली सोय नाही. त्यांत काय आहे हे वाचावे लागत नाही. हत्यारे फळीवर टांगून प्रत्येकाच्या भोवती त्याच्या आकाराची रेघ काढली, तर शेजाऱ्याने नेलेला पाना परत आला की नाही, हे रिकामी आकृतीच सांगते.

काम केव्हा करावे, यासंबंधी कर्नाटकात एक जुनी सोय आहे. नवरात्राच्या नवव्या दिवशी तेथे आयुधपूजा असते. आपल्याकडील खंडेनवमीच ती. त्या दिवशी हत्यारे, यंत्रे आणि वाहने धुऊन पुसून पूजली जातात. गाडीला केळीचे खुंट बांधतात, चाकाखाली लिंबे ठेवतात, रस्त्यावर कोहळे फोडतात. त्यानिमित्ताने मोटारखाना एकदा तरी झाडला जातो. परंतु सप्टेंबर-ऑक्टोबर हे बंगळुरात अत्यंत पावसाचे महिने आहेत, आणि सगळा साठा बाहेर काढून ठेवावयाचा तर कोरडे अंगण हवे. यास्तव मोठी आवराआवर फेब्रुवारीत करावी, आणि लाल चिठ्ठ्यांची मुदत पुढल्या वर्षीच्या खंडेनवमीची ठेवावी. पूजेसाठी हत्यारे काढताना ज्या वस्तूवरची चिठ्ठी तशीच राहिलेली दिसेल, ती त्या दिवशी परत आत नेऊ नये. फोडलेल्या कोहळ्याचे तुकडे मात्र पूजा आटोपताच उचलून टाकावेत; पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर त्यांवरून दुचाकी घसरते.